सिबिल ८१२, तरी कर्ज नाही!

वाचकांचे प्रश्न : कर्ज, कार्ड आणि हप्ते

प्रश्न : मॅडम, माझं वय ३६. खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे. हातात ४६,००० पगार येतो. आजवर एकही हप्ता चुकवलेला नाही, सिबिल स्कोअर ८१२ आहे. घराच्या दुरुस्तीसाठी ५ लाखांचं पर्सनल लोन मागितलं, तेही माझा पगार जमा होतो त्याच बँकेत. ‘तुमचं कर्ज प्री-अप्रूव्ड आहे’ असे मेसेज याच बँकेचे सारखे येत असतात. आठवड्याच्या आत नकार आला. कारण विचारलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘सिस्टीमने रिजेक्ट केलंय, इंटर्नल पॉलिसी आहे.’ मग रागाच्या भरात मोबाइलवरून आणखी तीन-चार ठिकाणी अर्ज केले. सगळीकडे नाही. आता तर दुकानातल्या फायनान्सवाल्यानेही फ्रिजच्या हप्त्यांना नकार दिला. माझ्या डोक्यावर स्कूटरचा ४,२०० आणि मोबाइलचा २,५०० एवढेच हप्ते आहेत. (धाकट्या भावाच्या गाडीच्या कर्जावर माझी सही आहे, पण तो ११,६०० चा हप्ता तोच भरतो.) पाच महिन्यांपूर्वी नोकरी बदलली, पगार वाढला म्हणून. मग या ८१२ ला काही अर्थ आहे की नाही?
– एक वाचक भगिनी (नाव न छापण्याची विनंती)

उत्तर : तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तुम्ही स्वतःच कंसात लिहून पाठवलं आहे.

भावाच्या कर्जावर ‘माझी सही आहे’ असं तुम्ही म्हणता. ती कुठल्या नात्याने आहे? सहकर्जदार म्हणून की जामीनदार म्हणून? घरात आपण ‘नुसती सही केली’ म्हणतो, पण बँकेच्या लेखी नुसती सही असा काही प्रकार नसतो. सहकर्जदार असाल तर ते कर्ज कागदावर पूर्णपणे तुमचंही आहे. जामीनदार असाल तरी ते तुमच्या रिपोर्टात दिसतंच, फक्त ते किती धरायचं हे ज्या-त्या बँकेच्या धोरणावर. तुमचा सिबिलचा रिपोर्ट, म्हणजे तुमच्या आजवरच्या कर्जांची नोंदवही, उघडा आणि प्रत्येक खात्यापुढे ‘ओनरशिप’चा रकाना बघा. तिथे ‘इंडिव्हिज्युअल’, ‘जॉइंट’ किंवा ‘गॅरंटर’ लिहिलेलं असतं. गाडीच्या कर्जापुढे ‘जॉइंट’ दिसणार अशी माझी जवळजवळ खात्री आहे.

आता कर्ज विभागातला माणूस कागदाच्या कडेला जे गणित मांडतो, ते तुमच्यासाठी मांडते. मी नोकरीतली बहुतेक वर्षं त्याच टेबलावर काढली, त्यामुळे हे हाताला सवयीचं आहे. हातात येणारे ४६,०००. त्यातून चालू हप्ते : स्कूटर ४,२००, मोबाइल २,५००, गाडी ११,६००. एकूण १८,३००. तुम्ही मागितलेले ५ लाख चार वर्षांसाठी, १३ टक्क्यांनी धरले तर नवा हप्ता साधारण १३,४०० बसतो. सगळे मिळून ३१,७००. म्हणजे पगाराचे ६९ टक्के हप्त्यांतच गेले. बँकेच्या भाषेत याला एफओआयआर म्हणतात. या पगाराच्या माणसाला पर्सनल लोन देताना बहुतेक ठिकाणी तो ५० टक्क्यांच्या आसपास थांबवतात, कुठे थोडा वर, कुठे खाली. ६९ ला सिस्टीम लाल दिवा दाखवणार नाही तर काय?

भावाचा हप्ता वगळून तेच गणित करा. ६,७०० अधिक १३,४००, म्हणजे २०,१००. पगाराच्या ४४ टक्के. हा प्रस्ताव कुणीही हसत मंजूर केला असता.

गंमत बघा. भाऊ वेळेवर भरतो, म्हणून त्या कर्जाचा रेकॉर्ड स्वच्छ राहतो, आणि त्याचा फायदा तुमच्याही ८१२ ला मिळाला आहे. त्याच कर्जाने तुमची नवं कर्ज घेण्याची ताकद खाऊन टाकली. स्कोअर वाढवणारी आणि कर्ज अडवणारी गोष्ट एकच! कारण स्कोअर फक्त एवढंच सांगतो की आजवर घेतलेलं कर्ज तुम्ही कसं वापरलंत आणि कसं फेडलंत. तुमचा पगार किती, हे त्या आकड्याला माहीतच नसतं. नोकरी पक्की आहे की कालच लागली, घर भाड्याचं की स्वतःचं, हेही नाही. ८१२ म्हणजे तुमच्या दानतीची पावती आहे. ऐपतीचा हिशेब बँक वेगळ्या कागदावर करते.

आणि किती स्कोअर असला की कर्ज द्यायलाच हवं, असा नियम रिझर्व्ह बँकेने केलेला नाही. ३०० ते ९०० मधला कुठला आकडा पुरेसा मानायचा हे प्रत्येक बँक आपलं आपण ठरवते. ७५० च्या वर असलं की कर्ज मिळतंच, ही समजूत एजंट लोकांनी पसरवलेली आहे.

नोकरी बदलल्याचाही थोडा हात असावा. पगार वाढला ही तुमच्या दृष्टीने चांगली बातमी. बँकेच्या दृष्टीने तुम्ही पाच महिन्यांच्या नवख्या. बऱ्याच ठिकाणी सध्याच्या नोकरीत निदान सहा महिने, काही ठिकाणी वर्ष पूर्ण झालेलं लागतं. शिवाय बँकांकडे कंपन्यांच्या याद्या असतात, ए वर्ग, बी वर्ग अशा. तुमची नवी कंपनी लहान असेल आणि यादीतच नसेल, तर आधीच्या कंपनीत असताना जे कर्ज सहज मिळालं असतं ते आता जास्त पगारावरही मिळत नाही. हे अन्यायाचं वाटतं, पण आहे असं.

आता रागाच्या भरात केलेल्या अर्जांबद्दल. रिपोर्टच्या शेवटी ‘एन्क्वायरी’ नावाचा भाग असतो. तुम्ही अर्ज केला की ती बँक किंवा फायनान्स कंपनी तुमचा रिपोर्ट मागवते आणि तिचं नाव, तारीख, कशासाठी, किती रक्कम, हे सगळं तिथे उमटतं. (आपला रिपोर्ट आपण स्वतः कितीही वेळा पाहिला तरी स्कोअरला धक्का लागत नाही, ती भीती सोडा.) तुम्हाला नकार मिळाला असं मात्र रिपोर्टात कुठेही लिहिलेलं नसतं. पण टेबलापलीकडच्या माणसाला ते लिहायची गरजच नसते. एकाच महिन्यात चार एन्क्वायऱ्या, आणि वर खात्यांच्या यादीत नवं खातं एकही नाही. म्हणजे चौघांनी नाही म्हटलं, हे त्याला वाचता येतं. मग पाचवा कशाला पुढे येईल? फ्रिजच्या वेळी माझ्या मते हेच झालं. ती रक्कम लहान, निर्णय काही मिनिटांत मशीन घेतं, आणि ताज्या एन्क्वायऱ्यांच्या रांगेला मशीन बिचकतं.

‘प्री-अप्रूव्ड’ मेसेजबद्दल फार लिहीत नाही. तो मार्केटिंगवाले पाठवतात, कर्ज मंजूर करणारे वेगळे. अटी लागू आहेत हे त्यात बारीक अक्षरात असतंच.

आणखी एक कारण तुमच्याशी संबंधित नाही, पण ते माहीत असलेलं बरं. १६ नोव्हेंबर २०२३ ला रिझर्व्ह बँकेने तारण नसलेल्या ग्राहक कर्जांवरचा ‘रिस्क वेट’ १०० वरून १२५ टक्के केला. म्हणजे असं, की १०० रुपयांच्या पर्सनल लोनमागे बँकेला स्वतःचं किमान ९ रुपयांचं भांडवल ठेवावं लागत होतं, ते सव्वाअकरा झालं. बँकेला तेच कर्ज महाग पडू लागलं, आणि ‘बसवून घेऊ’ म्हणत काठावरचे प्रस्ताव मंजूर करायची सवय सुटली. गृहकर्ज, शैक्षणिक कर्ज, वाहनकर्ज आणि सोनेतारण यांना ही वाढ लागू नव्हती. यातलं गृहकर्ज तुमच्या कामाचं आहे, त्यावर पुढे येते.

आधी त्या ‘इंटर्नल पॉलिसी’चा समाचार घेऊ. लग्नाच्या बोलणीत नकार द्यायचा असला की ‘पत्रिका जुळत नाही’ म्हणतात ना, तसं बँकेचं हे ‘पॉलिसीत बसत नाही’. ऐकणाऱ्याने मान डोलवायची आणि घरी जायचं. पण बँकेला एवढ्यावर सुटता येत नाही. कर्ज कितीही रकमेचं असो, नाकारलं तर मुख्य कारण लेखी कळवा, असं रिझर्व्ह बँकेने २००७ पासून बँकांना सांगितलेलं आहे, आणि त्यात क्रेडिट कार्डाचे अर्जही येतात. नकार जर क्रेडिट रिपोर्टवरून, म्हणजे सिबिलसारख्या कंपनीच्या रिपोर्टवरून, दिला असेल, तर ३० दिवसांत लेखी नकार, त्याची नेमकी कारणं, ज्या रिपोर्टवरून ठरवलं त्याची प्रत आणि तो देणाऱ्या कंपनीचं नाव, एवढं तुम्हाला मिळायला हवं. २००५ च्या क्रेडिट माहिती कंपन्यांच्या कायद्यात अर्जदाराला ती प्रत मागायचा हक्क दिलेला आहे, फार तर थोडं शुल्क घेतील.

काउंटरवरच्या त्या मुलावर चिडू नका, त्याच्या स्क्रीनवर खरोखरच फक्त ‘रिजेक्टेड’ एवढंच दिसतं. शाखाधिकाऱ्याच्या नावाने साधं पत्र द्या, ईमेलही चालेल. मजकूर एवढाच : ‘अमुक तारखेचा, अमुक क्रमांकाचा माझा कर्जाचा अर्ज नामंजूर झाला आहे. नामंजुरीची कारणं लेखी द्यावीत, आणि निर्णयासाठी वापरलेल्या क्रेडिट रिपोर्टची प्रत द्यावी.’ खाली सही. पोच घ्यायला विसरू नका. पत्रात स्वतःची कहाणी लिहू नका, आपण किती वर्षांचे ग्राहक आहोत तेही नको. लांब पत्रं मी पाहिली आहेत, त्यातला मुद्दा हरवतो आणि वाचणाऱ्याला पळवाट मिळते.

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पुन्हा ‘पॉलिसी’ एवढाच शब्द आला, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. ऑनलाइन होते, फी नाही, १४४४८ या क्रमांकावर माहितीही मिळते. पण तक्रार कशाची करायची हे नीट समजून घ्या. ‘मला कर्ज दिलं नाही’ अशी केलीत तर ती फेटाळली जाईल, कारण कर्ज द्यायचं की नाही हा बँकेचा व्यावसायिक निर्णय, लोकपाल त्यात पडत नाही. ‘कारण लेखी दिलं नाही’ अशी करा.

आता कर्ज मिळण्याचं बघू. भावाकडून त्याच्या खात्याचं निदान बारा महिन्यांचं स्टेटमेंट घ्या, ज्यात ११,६०० चा हप्ता दर महिन्याला त्याच्याच खात्यातून जाताना दिसतो. अर्जासोबत ते जोडा आणि सोबत दोन ओळींचं पत्र द्या. सहकर्जदार असलात तरी हप्ता दुसराच भरतो असं कागदावर दिसलं, तर बऱ्याच बँका तो तुमच्या हिशेबातून वगळतात. पण हे मोबाइलवरच्या अर्जात होत नाही. तिथे मशीनला पत्र जोडायची सोयच नसते. शाखेत जाऊन, माणसाच्या हातात कागद देऊनच हे काम होतं. भावाच्या कर्जातून नाव काढून घेण्याच्या भानगडीत सध्या पडू नका. त्यासाठी त्या कर्जदात्याची मंजुरी लागते आणि तो सहजासहजी देत नाही. भावाबहिणीत मात्र विनाकारण कडवटपणा येतो.

दुसरं, तुम्हाला पर्सनल लोनच का हवंय? काम घराच्या दुरुस्तीचं आहे. घर तुमच्या किंवा नवऱ्याच्या नावावर असेल आणि त्यावर गृहकर्ज चालू असेल तर त्याच बँकेत टॉप-अप, म्हणजे चालू कर्जावर वाढीव रक्कम, मागा. नसेल तर गृहदुरुस्ती कर्ज नावाचा स्वतंत्र प्रकार असतो. कागदपत्रं जास्त लागतात, कंत्राटदाराचं अंदाजपत्रक द्यावं लागतं, वेळ जातो, पण व्याज कमी आणि मुदत लांब, त्यामुळे हप्ता पुष्कळ खाली येतो. पर्सनल लोनचीच मुदत चारऐवजी पाच वर्षं केलीत तरी १३,४०० चा हप्ता ११,४०० च्या आसपास येईल. व्याज एकूण जास्त जाईल हे ओघाने आलंच. नवरा कमावता असेल तर त्याला सहअर्जदार घ्या, दोघांचं उत्पन्न एकत्र धरतात.

आणि निदान चार-सहा महिने कुठेही अर्ज टाकू नका. तोवर नव्या नोकरीला वर्ष होत येईल, मोबाइलचे हप्तेही कदाचित संपतील, एन्क्वायऱ्या शिळ्या होतील. फ्रिज तेवढा रोखीने घ्या किंवा थांबा.

प्रश्न : माझा छोटा छपाईचा व्यवसाय आहे. मोबाइल ॲपवर माझा स्कोअर ७९० दाखवतो. बँकेत मात्र ६९० सांगितला आणि अर्ज परत केला. कोण खोटं बोलतंय?
– एक वाचक

उत्तर : कोणीच नाही. आपण सरसकट ‘सिबिल’ म्हणतो, पण देशात स्कोअर काढणाऱ्या अशा चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क. प्रत्येकीचं गणित वेगळं. ॲप एका कंपनीचा आकडा दाखवतं, बँक दुसरीचा बघते. थोडा फरक त्यामुळे पडतोच, पण १०० गुणांचा फरक मला खटकतो. कर्ज देणाऱ्या सगळ्या संस्थांनी चारही कंपन्यांचं सभासद व्हावं आणि सगळीकडे माहिती पाठवावी असा रिझर्व्ह बँकेचा २०१५ चा आदेश आहे, तरी नावाचं स्पेलिंग, जुना पत्ता, पॅनमधला एखादा अंक यांतल्या फरकामुळे एखादं खातं एका ठिकाणी जुळतं, दुसरीकडे जुळत नाही.

चारही कंपन्यांचा पूर्ण रिपोर्ट स्कोअरसह वर्षातून एकदा फुकट मिळतो, २०१७ पासून. चारही काढा आणि शेजारी शेजारी ठेवून खात्यांची संख्या मोजा. जिथे एखादं खातं जास्त दिसेल तिथे थांबा. माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त वेळा सापडणारा चोर म्हणजे कधीकाळी कुणीतरी गळ्यात मारलेलं, न वापरलेलं क्रेडिट कार्ड. त्याची वार्षिक फी थकते, त्यावर दंड आणि व्याज चढतं, बँक शेवटी ती रक्कम ‘रिटन ऑफ’ करते, म्हणजे बुडीत धरते, आणि आपल्याला पत्ताच नसतो.

खातं तुमचं नसेल किंवा माहिती चुकीची असेल तर त्या कंपनीकडे आणि संबंधित बँकेकडे, दोन्हीकडे हरकत नोंदवा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई त्यांना तुम्हाला द्यावी लागते, एप्रिल २०२४ पासून तसा नियम आहे. खातं खरंच तुमचं असेल आणि बँक म्हणाली ‘अर्धे भरा, सेटल करू’, तर मोहात पडू नका. रिपोर्टात ‘सेटल्ड’ हा शब्द येतो आणि पुढच्या बँकेला तो थकबाकीइतकाच खुपतो. दंडात सूट मागा, पण कागदावर ‘क्लोज्ड’ असं येईल आणि काही बाकी नाही असा ‘नो ड्यूज’ दाखला मिळेल, हे आधी लेखी ठरवून मगच पैसे भरा. दुरुस्त माहिती पूर्वी महिन्यातून एकदा जायची, जानेवारी २०२५ पासून बँकांना ती निदान दर पंधरवड्याला पाठवावी लागते, त्यामुळे फार वाट बघावी लागणार नाही.

प्रश्न : मी ६७ वर्षांचा निवृत्त शिक्षक. स्कोअर ८४०. गृहकर्ज कधीच फिटलं. मुलगा परदेशी असतो, तिकडे जाताना लागेल म्हणून क्रेडिट कार्ड मागितलं तर दोन बँकांनी नाही म्हटलं. या वयात हा अपमान वाटतो.
– एक ज्येष्ठ वाचक

उत्तर : सर, अपमान वाटून घेऊ नका, इथे तुमचं वय आडवं आलंय. बहुतेक बँकांनी कार्डासाठी वयाची वरची मर्यादा ठरवलेली असते आणि मशीन ८४० बघायच्या आधी जन्मतारीख बघतं. कारण लेखी मागायचा हक्क तुम्हालाही आहे, पण ते कारण ‘वय’ असंच येईल आणि त्याने कार्ड काही मिळणार नाही.

जिथे पेन्शन जमा होतं त्या बँकेत मुदत ठेव ठेवून, तिच्या तारणावर कार्ड मागा. त्यात उत्पन्नाचा दाखला लागत नाही, ठेवीवर व्याज चालू राहतं, आणि ठेवीच्या बऱ्याचशा रकमेइतकी मर्यादा मिळते. वयाबद्दलही तिथे फार ताणत नाहीत, कारण बँकेचे पैसे सुरक्षितच असतात. कार्ड परदेशात वापरायचं तर आंतरराष्ट्रीय व्यवहार तुम्हाला स्वतः सुरू करून घ्यावे लागतात, नव्या कार्डावर ते बंद असतात. निघण्याआधी इथे असतानाच ते करून ठेवा. आणि मोबाइल नंबर तिकडे चालू राहील याची सोय करा, कार्डाचे ओटीपी त्याच नंबरावर येतात.